सप्लाय लोडवर उचक्या का देतो, आणि १५० वॅटचा लोड पुरेल का?

नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे तिन्ही प्रश्न आधी एकत्र लिहितो. एक: तुमचा १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) नायक्रोमच्या कॉइलवर झकास चालतो, पण मित्राच्या इलेक्ट्रॉनिक लोडवर (सांगू तेवढा करंट ओढून सप्लाय तपासणारं यंत्र) १० अँपिअर लावून चालू केला की टिक-टिक करत बसतो, व्होल्टेज वर येतच नाही. दोन: २०० व्होल्ट, २० अँपिअर, १५० वॅट असं छापलेला स्वस्तातला लोड घ्यावा का? तीन: त्याच लोडवर ८५० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर तपासता येईल का?

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण चुकलं तर भडका उडेल. अजिबात लावू नका. हा डीसी लोड आहे. सरळ एसी दिला तर उलट्या अर्ध्या सायकलला आतल्या मॉसफेटचा (करंट आवरणारा ट्रान्झिस्टर) अंगभूत बॉडी डायोड उघडतो आणि लोड म्हणजे नुसती तार उरते. "मग ब्रिज रेक्टिफायर लावून देतो" असं कुणीतरी सुचवेलच. पण २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टवर जातं आणि तुमचा लोड २०० चा. पहिल्याच सायकलला मॉसफेट गेला.

आता उचक्या. सप्लाय बिघडलेला नाही, आणि लोडही नाही. लोडच्या पोटात एक मॉसफेट असतो, त्याच्या मालिकेत शंट (करंट मोजायचा छोटा रोध), आणि शंटवरचं व्होल्टेज बघणारा ऑप-अँप. सीसी (कॉन्स्टंट करंट) मोडमध्ये तुम्ही त्याला सांगता, १० अँपिअर ओढ. करंट कमी पडला की तो गेट आणखी उघडतो. सप्लाय सुरू होण्याआधी करंट शून्य, म्हणून बिचाऱ्याने गेट पूर्ण उघडून ठेवलेला असतो. सप्लाय जागा होतो तो जवळजवळ शॉर्टमध्येच. कॉइलचं तसं नसतं. तुमची १.२ ओहमची कॉइल ३ व्होल्टला अडीच अँपिअर घेते, ६ व्होल्टला ५, असं पायरीपायरीने चढते. लोडला ३ व्होल्टलाही पूर्ण १० हवेत. शिवाय सप्लायला त्याच वेळी स्वतःचे आउटपुट कपॅसिटर भरायचे असतात. दोन्हींची बेरीज ओव्हरकरंटच्या मर्यादेबाहेर जाते, तो बंद होतो, थांबून पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद. तीच तुमची टिक-टिक.

उपाय सोपा आहे. लोडच्या मेनूत व्हॉन (Von) नावाची सेटिंग शोधा आणि १० व्होल्ट ठेवा, म्हणजे तेवढं व्होल्टेज आल्याशिवाय लोड करंट घेणार नाही. ती नसेल तर सीआर (कॉन्स्टंट रेझिस्टन्स) मोडमध्ये १.२ ओहम लावून सुरू करा. सप्लाय आधी चालू आणि लोड नंतर, हेही चालतं, पण मग भरल्या लोडवर स्टार्ट होतो का ही तपासणी राहून जाते.

खरं तर इलेक्ट्रॉनिक लोड म्हणजे बहुरूपी. सोंग कुठलं घ्यायचं ते आपण सांगायचं, आणि ते गिऱ्हाईक सप्लायवर काय जोडणार आहे त्यावरून ठरवायचं. कॅमेरा, राउटर यांच्या आत डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, व्होल्टेज उतरलं की तो करंट वाढवतो, म्हणून तिथे सीपी (कॉन्स्टंट पॉवर). एलईडी ड्रायव्हर करंट ठरवून देतो, त्यामुळे लोडने व्होल्टेज धरायचं, म्हणून सीव्ही (कॉन्स्टंट व्होल्टेज). सोलर पॅनेललाही सीव्हीच. पॅनेलवर सीसी लावून त्याच्या शॉर्ट-सर्किट करंटपेक्षा थोडं जास्त मागितलं की व्होल्टेज थेट तळाला जातं, आणि मग लोक पॅनेलला नावं ठेवतात.

दुसरा प्रश्न. २०० व्होल्ट, २० अँपिअर, १५० वॅट हे तीन आकडे एकत्र मिळत नाहीत. १५० वॅट म्हणजे १२ व्होल्टला साडेबारा अँपिअर, ४८ व्होल्टला जेमतेम ३. नामांकित लोडचंही तेच असतं. रिगॉलचा डीएल३०२१ हा १५० व्होल्ट, ४० अँपिअरचा आहे, पण वॅट २००. फरक एवढाच की चांगल्या कंपनीचे वॅट तासन्तास टिकतात. स्वस्तात बऱ्याचदा एकट्या मॉसफेटवर सगळा भार. आयआरएफपी२६०एनच्या डेटाशीटवर ३०० वॅट दिसतात, पण ते केस २५ अंशांवर ठेवली तर. पंख्याच्या हवेवर केस २५ अंशांवर कशी राहणार? १५० छापलं असेल तर मी १०० धरतो. आमच्या इचलकरंजीत यंत्रमागांमुळे हवेतच कापूस उडतो, हीटसिंकच्या पात्यांत त्याची वात तयार होते. दर महिन्याला ब्लोअर मारावा लागतो.

तुम्ही इन्व्हर्टरच्या बॅटऱ्याही तपासता असं लिहिलंय, म्हणून हे हिशेब बघा. १५० एएच सी२० ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे साडेसात अँपिअरने २० तास, १०.५ व्होल्टपर्यंत. सुरुवातीला सुमारे ९५ वॅट, हा लोड कसाबसा ओढेल. पण सोलरची बॅटरी सी१० वर, म्हणजे १० तासांच्या हिशेबाने मोजतात. तीच १५० एएच तर १५ अँपिअर, म्हणजे १८५-१९० वॅट. तिथे हा लोड संपला. दोन्ही करायच्या असतील तर ३०० वॅटच्या खाली जाऊ नका.

आणि कटऑफ (ठरावीक व्होल्टेजला लोड आपोआप बंद) लावल्याशिवाय घरी जाऊ नका. मी गेलोय. रात्री गडबडीत फक्त करंट सेट केला, सकाळी शटर उघडलं तर गिऱ्हाइकाच्या बॅटरीवर ४ व्होल्ट, आणि लोड इमानदारीने अजून ओढतोय. ती बॅटरी पुन्हा नीट उभी राहिली नाही, पैसे मी भरले. त्या दिवसापासून पॉझिटिव्हमध्ये फ्यूजही असतो. बॅटरी चुकून उलटी जोडली तर परत तोच बॉडी डायोड, आणि मागे १५० एएचचा जोर.

तारांवर थोडं सविस्तर, कारण अर्धे वाद इथेच होतात. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १२ मिलीओहम. सव्वा मीटर जाऊन सव्वा मीटर परत, झाले ३० मिलीओहम. २० अँपिअरला त्यावर ०.६ व्होल्ट जातात. १२ व्होल्टच्या सप्लायला ५ टक्के सूट म्हणजेही नेमके ०.६ व्होल्ट! चांगला सप्लाय तुमच्या तारेमुळे नापास. लोडला सेन्सची दोन टर्मिनल असतात, त्यांच्या बारीक तारा थेट सप्लायच्या स्क्रूवर आवळा आणि रिमोट सेन्स चालू करा, म्हणजे लोड व्होल्टेज तिथलंच मोजेल. ही टर्मिनल नसलेला लोड फुकट मिळाला तरी सप्लाय तपासायला घेऊ नका. करंटचा आकडा पडताळायला ५० अँपिअर ७५ मिलीव्होल्टचा शंट पुरतो, २० अँपिअरला मीटरवर ३० मिलीव्होल्ट दिसायला हवेत.

डायनॅमिक मोड (करंट झटक्यात वर-खाली करणारा) मिळाला तर जरूर वापरा. सीसीटीव्हीचा सप्लाय दिवसभर ठीक आणि अंधार पडला की डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) रीस्टार्ट, ही तक्रार तुमच्याकडेही येत असेल. अंधारात सगळ्या कॅमेऱ्यांचे आयआर (इन्फ्रारेड) एलईडी एकदम लागतात. टेबलवर हे करायचं तर अडीच ते साडेसात अँपिअरच्या उड्या द्या आणि ऑसिलोस्कोप सप्लायच्या टर्मिनलवर लावा, लोडच्या नाही. १० मायक्रोसेकंदांत ५ अँपिअरची उडी आणि मोकळ्या पसरलेल्या तारांचा अडीच मायक्रोहेन्री, एवढ्यावर सव्वा व्होल्टचा खड्डा नुसत्या तारेत पडतो. दोन्ही तारांना पीळ द्या, तो बराच भरून येतो.

इन्व्हर्टरसाठी खरा एसी लोड हवा तर तैवानच्या क्रोमाची ६३८०० मालिका बघा, ४.५ किलोवॅटपर्यंत, आणि क्रेस्ट फॅक्टर (करंटचं शिखर परिणामी म्हणजे आरएमएस करंटच्या किती पट) ५ पर्यंत लावता येतो. पण तुम्ही दुरुस्ती करता, बनवत नाही. तेवढे पैसे घालू नका. हॅलोजनची बँक करा, एकेक स्विच टाकत चढवा, कारण थंड फिलामेंट तापलेल्याच्या दहा-पंधरा पट करंट घेतो. सोबत पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेला एखादा जुना कॉम्प्युटर जोडा. तो करंट शिखरावरच ओरबाडतो, ३ अँपिअर आरएमएसला ८-९ अँपिअरचं टोक. हॅलोजनवर पास झालेला इन्व्हर्टर इथे आचके देताना मी पाहिलाय. उद्या स्वतः बनवायला लागलात तर तपासणी आणि कॅलिब्रेशनसाठी अंधेरी एमआयडीसीतली ईआरटीएल ही सरकारी प्रयोगशाळा आहेच.

आधी व्हॉन १० व्होल्टवर ठेवून बघा आणि टिक-टिक थांबली का ते इथे लिहा. थांबली नाही तर सप्लाय उघडून आउटपुट कपॅसिटरचा फोटो टाका, डोकी फुगलेली आहेत का बघू.