बॅकलिंक नंतर, आधी जुन्या लिंका वाचवा

तुम्ही लिहिलंय, साइट नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली, लेखांच्या लिंका बदलल्या आणि महिन्याभरात गूगलवरून येणारे वाचक आटले. आता कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात ते शब्द) वाढवू की बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक) विकत घेऊ? वाचून पोटात गोळाच आला. मी नेमकी हीच चूक केली होती.

साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी), सर्च कन्सोल (गूगल शोधात आपली साइट कशी चालते ते दाखवणारं गूगलचं साधन) वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. एकच सांगा, तुमच्या जुन्या लिंकवर क्लिक केलं की काय उघडतं?

माझ्याकडे होमपेज उघडायचं. होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टने 'सगळं रीडायरेक्ट केलंय', म्हणजे जुन्या लिंका नव्या पत्त्याकडे वळवल्यात, म्हणून कळवलं आणि मी तपासलं नाही. शाईपेनाची निब कशी धुवायची, हा माझा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख. ते शोधत आलेला माणूस होमपेजवर येऊन पडायचा, तिथे निबचा उल्लेखही नाही. तो आल्या पावली परत जायचा. गूगलही असं सरसकट होमपेजकडे वळवलेलं पान बहुधा 'सॉफ्ट ४०४', म्हणजे अस्तित्वात नसलेलं धरतं. सपोर्टला पाचदा लिहिलं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण, आणि उत्तर तेच: 'आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, कॅशे क्लिअर करून बघा.' चार महिने गेले त्यात. आजही आठवलं की डोकं तापतं, कारण ते लेख मी रात्री जागून लिहिले होते.

शेवटी स्वतःच बसलो. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो. त्यातून जुने पत्ते काढले, शीटमध्ये एका रकान्यात जुना, शेजारी त्याच लेखाचा नवा. प्रत्येकाला वेगळा ३०१, म्हणजे कायमचा, रीडायरेक्ट. वाचक हळूहळू परतले, सगळे नाही. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. माझं मत विचाराल तर काढूच नका.

कीवर्ड्स मेटा टॅगवर (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) वेळ घालवू नका, रँकिंगसाठी तो वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि रँकिंगसाठी लिंका विकत घेणं त्यांच्या नियमांविरुद्ध आहे. 'पहिल्या पानावर आणून देतो' म्हणणाऱ्यांच्या मेलना उत्तरही देऊ नका, कळकळीने सांगतोय.

मी काही यातला व्यावसायिक नाही, अनुभव एका छोट्या साइटचा. तुमच्याकडे कारण वेगळंही असू शकतं. नवी साइट बनवताना लावलेला नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका, असं गूगलला सांगणारा टॅग) काढायचा राहिलाय का, तेही बघा.

शंभर लिंका एकदम करायला जाऊ नका. सर्वाधिक क्लिक मिळणारे दहा लेख आज घ्या, आणि रीडायरेक्ट लावल्यावर प्रत्येक जुनी लिंक इन्कॉग्निटो विंडोत स्वतः उघडून बघा.