कर्ज फिटलं, तरी परत का यावंसं वाटत नाही?

"मॅडम, कर्ज फिटलं, घर बांधून झालं. तरी परत यावंसं वाटत नाही. मी हावरट झालोय का?"

गुहागर तालुक्यातले हे गृहस्थ (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत) 14 वर्षं कतारला, रास लफानच्या गॅस प्रकल्पांच्या वसाहतीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, म्हणजे प्लांटमधली मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं सांभाळणारे. गणपतीला आले होते. आरतीला जमलेला जो तो विचारत होता, "अजून किती कमवायचं?" आखातातून सुट्टीवर आलेले बरेच जण हाच सल घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

मी विचारलं, "जास्त पैसे मिळत असूनही कधी नको म्हणालात?"

बराच वेळ गप्प. मग आठवलं. प्लॅनिंगच्या ऑफिसात बढती मिळत होती, पगारही वाढणार होता. घेतली नाही. "शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, तिथे जाता आलं नसतं ना." व्हॉल्व्ह चिकटला की लूप कसा हंटिंग करायला लागतो, म्हणजे नियंत्रण एका जागी न ठरता सतत वरखाली कसं होत राहतं, हे सांगताना त्यांची बोटं टेबलावर आपोआप फिरत होती, स्क्रू जरा घट्ट, जरा सैल.

अमेरिकेतल्या एमआयटीचे एडगर शाइन यांनी 44 माजी विद्यार्थ्यांचा काही वर्षं मागोवा घेतला आणि करिअरच्या 'नांगरा'ची कल्पना मांडली. वारा फिरला की होडी फिरते, पण दोर ताणतो तो नांगरापाशीच. निवडायची वेळ आली की जे सोडवत नाही, तो आपला नांगर. कुणाचा स्थैर्य, कुणाचा स्वातंत्र्य, कुणाचा सेवा. पुढे त्यांनी असे आठ सांगितले. या गृहस्थांचा होता हातातलं कसब.

गिरण्यांच्या काळापासून कोकणातला माणूस बाहेर पडतो तो 'घरच्यांसाठी'. मनिऑर्डर आली की त्याच्या जाण्याला अर्थ मिळायचा. काम आवडतं म्हणून लांब राहतो, असं म्हणायला आजही जीभ रेटत नाही. त्यापेक्षा माणूस स्वतःला हावरट म्हणवून घेतो. मला याचं फार वाईट वाटतं.

परत यावंच लागलं तर नुसती कलमं राखायचा त्यांचा बेत टिकणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत याच कामाची माणसं लागतात. पगार मात्र बराच कमी, आणि कतारमध्ये पगारावर आयकर नाही, इथे आहे. तो हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून मांडायचा, एवढं ठरलं.

पुढच्या भेटीत म्हणाले, काम आवडतं हे घरी पहिल्यांदाच बोललो. बायको चिडेल असं वाटलं होतं. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे तिथे दिवसभर तुम्ही नेमकं करता काय?"

मग पडवीत बसून त्यांनी मुलाच्या वहीच्या पाठच्या पानावर तिला व्हॉल्व्ह काढून दाखवला.