काका, या वर्षी तरी जमेल का?

डिसेंबर संपत आला की तुमच्या प्रश्नांचा ढीग लागतो. निम्म्यांत संकल्प, उरलेल्यांत गाणी, रेडिओ नाहीतर क्रिकेट. यावेळी सगळं एकत्रच घेतोय, कारण वेगवेगळं करत बसलो तर इथंच फेब्रुवारी उजाडेल.

प्रश्न : काका, मी ३४ वर्षांचा, आयटीत आहे, काम घरूनच. १ जानेवारीपासून रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर पळायचं ठरवलंय. मागची दोन वर्षं दहा-बारा दिवसांतच बंद पडलं. यावेळी नवे शूज आणि पावलं मोजणारं घड्याळपण घेतलंय. टिकायला काय करू? (कॉलेज रोड)

उत्तर : शूज घेतलेस ते बरं केलंस. घड्याळाशिवायही भागलं असतं, असो, आता आहे तर गजर लाव त्यात.

पण नाशिकमधे पळायला सुरुवात करायला १ जानेवारीपेक्षा वाईट तारीख शोधून सापडायची नाही रे. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात पहिल्या पानावर, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसलेले, आणि आपण नेमकं तेव्हाच साडेपाचला ब्लँकेटमधून बाहेर यायचं ठरवतो! मी रोज त्या मैदानाला चकरा मारतो (चालतो, पळत नाही, गुडघे आता माझं ऐकत नाहीत), तर १ तारखेला गाडी लावायला जागा नसते, सगळे नवेकोरे ट्रॅकसूट, एकाच्या पँटला तर मागं दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं, आणि संक्रांत आली की परत आम्ही तेच जुने पंधरा-वीस. बाहेर कारल्याचा रस विकणारा आहे तो १ तारखेला पोतंभर कारली आणतो आणि पंधरापासून पिशवीभर. त्याला सगळ्यांचे संकल्प पाठ आहेत.

ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे मोबाइलवर फिरतं ना, ते सोड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, २०१० साली छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस आणि माणसामाणसात फरक म्हणशील तर १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे तुझा मार्च उजाडणार, आधी नाही. त्यातलीच अजून एक कामाची गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस बुडाला तर फारसं काही बिघडत नाही. तुझं बहुतेक तिथंच फसतंय, एक दिवस बुडाला की 'गेलं हे पण वर्ष' म्हणून तू मोकळा.

त्या लोकांना सवय रोजच्या कुठल्यातरी ठरलेल्या गोष्टीला बांधायला सांगितलं होतं, नाश्ता झाला की हे, जेवण झालं की ते. तूही तसंच कर. पहाटेचं खूळ सोड, संध्याकाळी लॅपटॉप मिटला की चहा नाही, सोफा नाही, थेट शूज. आपल्याच जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमधे १०,००० मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियाडला सिल्व्हर घेऊन आली. १०,००० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकला २५ फेऱ्या. तू दोन मार. रविवारी मिसळ खायची असेल तर तीन, आणि मिसळ पळून झाल्यावर, आधी नाही.

प्रश्न : यंदा क्रिकेट बघणार नाही असा संकल्प आमच्या ह्यांनी केलाय. विश्वास ठेवू का? (इंदिरानगर)

उत्तर : मॅच नसेल त्या दिवशी ठेवा.

प्रश्न : काका, सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर आहे माझ्याकडे. रोज रात्री तासभर मोबाइल बाजूला ठेवून रेडिओ ऐकायचा असं ठरवलंय. पण दिवसा नुसती खरखर आणि रात्री नऊनंतर कुठली कुठली स्टेशनं लागतात, गुजराती काय, कानडी काय. नातू म्हणतो बिघडलाय, फेकून दे आजी. (सातपूर)

उत्तर : फेकू नका हो ताई! नातवाला सांगा, बिघाड नाही, मिडियम वेव्ह म्हणजे जुन्या रेडिओचा तो पट्टा, त्याचं असंच असतं. दिवसा उन्हामुळे वर साठ ते नव्वद किलोमीटरवर हवेचा एक थर तयार होतो आणि तो रेडिओच्या या लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात, म्हणून तुमच्या सातपूरच्या गॅलरीत कानडी.

खरखरीला निम्म्या वेळा घरातलेच एलईडी बल्ब आणि चार्जर कारण असतात, ते बंद करून बघा. आणि रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवा. आत तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी कांडी असते, मिडियम वेव्हची एरियल तीच, वरची दांडी कितीही ओढा उपयोग नाही. माझे वडील रेडिओ फडताळात तिरका ठेवायचे आणि पुसताना कुणी सरळ केला की घर डोक्यावर घ्यायचे, मला वाटायचं सवय आहे त्यांची, खरं कारण पुढं तीस वर्षांनी कळलं. आपलं नाशिक आकाशवाणी मात्र एफएमवर आहे, तुमच्या सेटला एफएमचा पट्टा नसेल तर तेवढ्यासाठी छोटा नवा घ्या, जुना रात्रीला ठेवा.

बाकी संकल्प झकास आहे. आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ कायम मागं, सगळा दिवस रेडिओवर चालायचा. सकाळी आकाशवाणीची ती धून लागली की आई बंब पेटवायची (धून वॉल्टर कॉफमन नावाच्या युरोपातून मुंबईला आलेल्या ज्यू संगीतकाराची, हेही मला फार उशिरा कळलं), आणि संध्याकाळी विविध भारतीवर फौजी भाईंची जयमाला लागली की कुकर.

प्रश्न : टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवर कॉमेंट्री ऐकतो. पण रेडिओवाला आधीच आउट म्हणून ओरडतो आणि टीव्हीवर बोलर अजून रनअपलाच! (सिडको)

उत्तर : टीव्ही मोबाइलच्या नेटवर चालवत असणार तुम्ही. सॅटेलाइट ३६,००० किलोमीटरवर असला तरी जाऊन यायला पाव सेकंदच लागतो, खरा वेळ जातो चित्र दाबून लहान करण्यात आणि परत उलगडण्यात, आणि नेटवर तर तुकडे साठवून मग दाखवतात. डिशवर लावा, फरक कमी होईल. नाहीतर टीव्हीच बंद करा, फिल्डिंग डोळ्यांपुढे आपोआप लागते.

प्रश्न : वय ५२. गाणं शिकायचंय, घरचे हसतात. (पंचवटी)

उत्तर : हसू देत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या गावात आश्रम थाटला आणि ज्या गावात १९२१ साली त्यांचे गायक चिरंजीव द. वि. पलुस्कर जन्मले, त्या नाशिकमधे राहून गाणं शिकायला लाजायचं म्हणजे कमाल झाली. वयाचं म्हणाल तर द. वि. ३४ व्या वर्षी गेले आणि तेवढ्यात काय काय गाऊन गेले, तुम्हाला नुसता सा लावायचाय.

फक्त माझ्यासारखं करू नका. मी आठ वर्षांपूर्वी १ जानेवारीला पेटी आणली, भाता कसा मारायचा तेवढं शिकलो, आणि सध्या तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. तुम्ही काही विकत आणू नका, मोबाइलवर तानपुरा फुकट मिळतो. आधी स्वतःची पट्टी शोधा, म्हणजे तुमचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर बसतो ते. बायका बऱ्याचदा काळी चारला (चौथी काळी पट्टी) गातात, पण वयाने आवाज खाली येतो, तर पांढरी पाच, काळी तीन असं उतरत बघा, जिथं खालचा पंचम (प) आणि वरचा सा दोन्ही घसा न आवळता लागतात ती तुमची पट्टी. सकाळी देवपूजा झाली की तिथंच बसून दहा मिनिटं खर्ज, म्हणजे खालचे सूर लावून धरायचे. फेब्रुवारीत क्लास लावा, तोवर घरचेही हसून हसून कंटाळले असतील.