पेशी श्वास कुठून घेते?

इंदूरच्या एका ताईंची मुलगी दहावीत आहे, हिंदी माध्यमात. आजोबा मराठीतून समजावताना 'पेशीश्वसन' म्हणाले आणि पोरगी हसत सुटली. तिच्या लेखी पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! ताई विचारतात, 'कोशिकीय श्वसन' ते हेच का? आणि पेशीला नाक नाही, मग श्वसन कसलं?

हो, तेच. पोरीला हसू नका. 'आज काकांची पेशी आहे' असं आपणही इथे बिनदिक्कत म्हणतो. ती पेशी फारसीतली, 'पेश होणे'मधली. शास्त्रातली पेशी संस्कृत. मूळ अर्थ मांसाचा गोळा. हिंदीने तो 'मांसपेशी'त जपला, मराठीने मात्र पेशी हे नाव कोशिकेला दिलं आणि मांसपेशीला म्हटलं स्नायू. त्यात हिंदीतलं 'स्नायु तंत्र' म्हणजे आपली मज्जासंस्था. आमच्याकडे कुणी 'स्नायू दुखतोय' म्हणालं की हिंदीत शिकलेली सूनबाई दचकतेच.

श्वसनाबद्दलची शंका रास्त आहे. 'श्वस्' धातूत हवेची नुसती ये-जा आहे. फुप्फुसं प्राणवायू आत घेतात, रक्त तो पोचवतं. ऊर्जा सुटते ती पेशीत. सकाळच्या पोह्यांतला स्टार्च पचून ग्लुकोज होतो. पेशीद्रवात त्याच्या सहा कार्बनांच्या रेणूचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे पडतात. पुढे तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या मायटोकाँड्रियात, प्राणवायूच्या मदतीने त्यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या सुट्ट्या नाण्यांचे, साधारण 30 ते 32 रेणू हाती लागतात. जुन्या पुस्तकांत 38 दिसतील. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 18व्या शतकातच श्वसनाला मंद ज्वलन म्हटलं होतं. तेव्हा आजोबांनी 'जळणं' म्हटलं तरी चालेल, फक्त 'जठराग्नी' नको. तो पचनाचा.

प्राणवायूविनाही थोडं भागतं. जिलबीचा घोळ रात्रभर ठेवला की सकाळी फसफसतो. त्यातलं यीस्ट ग्लुकोज अर्धवट मोडून जेमतेम 2 एटीपी कमावतं. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. महाराष्ट्रातली पुस्तकं याला 'विनॉक्सिश्वसन' म्हणतात. मला हा शब्द घशाखाली उतरत नाही. ग्रीकमध्ये 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण, आंबट. सगळ्या आम्लांत हा वायू असतोच, अशा चुकीच्या समजुतीतून लाव्हाझिएनेच त्याला ते नाव दिलं. म्हणजे शब्दशः पाहिलं तर 'आंबटाविना श्वसन', आणि लावायचं कशाला, तर आंबवण्याला!

मुलीला 'खमीर उठलं' म्हणा, लगेच कळेल. पेपरात मात्र तिने याचं हिंदी नाव 'अवायवीय श्वसन'च लिहावं.