सूर्य आकाशगंगेभोवती फिरतो, की आकाशगंगेत?

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी एक नेमका प्रश्न विचारला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी केलेल्या तक्त्यावर ‘आकाशगंगा स्वतःभोवती फिरते’ आणि ‘सूर्य आकाशगंगेभोवती फिरतो’ अशी दोन वाक्ये आहेत. ती तशीच ठेवावीत का, आणि या फिरण्याला परिवलन म्हणावे की परिभ्रमण, असे त्यांनी विचारले आहे.

दुसरे वाक्य बदलायला हवे. ‘भोवती’ या शब्दयोगी अव्ययाने फिरणारी वस्तू बाहेर आणि जिच्याभोवती ती फिरते ती वस्तू आत, असा अर्थ होतो. सूर्य तर आकाशगंगेचाच एक घटक आहे. धनू राशीच्या दिशेला १९९४ मध्ये सापडलेली एक बटू दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखाच पण लहान असा ताऱ्यांचा स्वतंत्र समूह, आहे; ती आकाशगंगेभोवती फिरते असे म्हणणे योग्य ठरेल. सूर्याबाबत ‘आकाशगंगेच्या केंद्राभोवती’ असेच लिहावे. हे केंद्र आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

पहिल्या वाक्याचा निवाडा इतका सोपा नाही. शालेय भूगोलाने आपल्याला दोन शब्दांची स्वच्छ विभागणी शिकवली आहे: स्वतःच्या आसाभोवती फिरणे म्हणजे परिवलन आणि दुसऱ्या वस्तूभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण. पृथ्वीसारख्या घन गोलासाठी ही विभागणी चोख आहे. आकाशगंगा मात्र घन वस्तू नव्हे. दहा हजार कोटींहून अधिक तारे, त्यांच्यामधला वायू आणि धूळ असा तो संभार आहे. माण-खटावकडच्या खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरते, तेव्हा आतला बैल सावकाश पावले टाकतो, कडेच्या बैलाला झपाझप चालावे लागते, आणि सगळ्यांची फेरी एकदमच पूर्ण होते. परिवलन या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे असेच एकसंध फिरणे उभे राहते. आकाशगंगेतील ताऱ्यांना एकमेकांशी जखडणारे दावे नाही. केंद्राजवळचा भाग सोडला, तर आतल्या आणि बाहेरच्या ताऱ्यांची चाल जवळपास सारखी, सेकंदाला २२० ते २४० किलोमीटरच्या आसपास असते, आणि त्यामुळे बाहेरचे तारे फेरीत सतत मागे पडत जातात. वेगवेगळ्या अंतरांवर वेगवेगळा फेरीकाळ असलेले हे फिरणे यान ऊर्ट या डच खगोलशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये सूर्याच्या परिसरातील ताऱ्यांच्या गतींवरून दाखवून दिले. म्हणून माझे मत असे आहे की एकेका ताऱ्याबद्दल बोलताना परिभ्रमण हाच शब्द वापरावा, आणि आकाशगंगेतील बहुतेक तारे व वायू ज्या चपट्या तबकडीत आहेत त्या संपूर्ण तबकडीबद्दल परिवलन म्हणायचे झाल्यास ‘सर्व भागांचा फेरीकाळ सारखा नसलेले’ हा खुलासा त्यालगतच करावा.

परिभ्रमण म्हटले की ‘कोणाभोवती?’ हा प्रश्न मुले विचारणारच, आणि येथे सूर्यमालेची सवय आड येते. सूर्यमालेत जवळजवळ सगळे वस्तुमान सूर्यात एकवटलेले असल्यामुळे बुध सेकंदाला ४७ किलोमीटर, पृथ्वी ३०, तर नेपच्यून अवघे साडेपाच किलोमीटर जातो. आकाशगंगेच्या मध्यावर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे खरे, पण सूर्याच्या कक्षेच्या आत सामावलेल्या एकूण वस्तुमानाचा तो दहा हजारावा भागही नाही. सूर्याला वळवून धरते ते आतल्या सगळ्या ताऱ्यांचे, वायूचे आणि न दिसणाऱ्या द्रव्याचे एकत्रित गुरुत्वाकर्षण. हे न दिसणारे द्रव्य मानावे लागते, कारण दिसणारे वस्तुमान विरळ होत गेले तरी बाहेरच्या ताऱ्यांची चाल अपेक्षेप्रमाणे घटत नाही. शेजारच्या देवयानी दीर्घिकेत व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये केलेल्या मोजणीतही हेच दिसले होते. तक्त्यावर ‘सूर्य कृष्णविवराभोवती फिरतो’ असे कोणी सुचवल्यास ते आवर्जून टाळावे.

‘आकाशगंगा फिरते’ हे विधानही खरे तर मुख्यतः तबकडीला लागू पडते, आणि त्याचे कारण वायूमध्ये आहे. तारे एकमेकांवर क्वचितच आदळतात, परंतु वायूचे ढग आदळतात, तापतात, ती ऊष्णता प्रारणाच्या रूपाने गमावतात आणि हळूहळू एकाच पातळीत, एकाच दिशेने फिरत स्थिरावतात. त्या वायूतून जन्मलेल्या ताऱ्यांना तीच दिशा वारशाने मिळते. सूर्य त्यांपैकीच एक आहे. त्यापूर्वी जन्मलेले जुने तारे आणि गोलाकार तारकागुच्छ मात्र तबकडीच्या वर-खाली, हव्या त्या कलाच्या कक्षांमध्ये फिरतात, आणि त्यांच्या समूहाला एकत्रित असे फिरणे फारच थोडे आहे. धुळीपलीकडच्या वायूची गती कळते ती हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींमुळे. त्या १९५१ मध्ये प्रथम टिपल्या गेल्या.

तबकडीतील सर्पिल भुजांविषयी, म्हणजे केंद्राकडून वळसे घेत बाहेर गेलेल्या ताऱ्यांच्या आणि वायूच्या पट्ट्यांविषयी, थोडेसेच. ‘भुजा फिरतात’ हे चालेल, पण त्या नेहमी त्याच ताऱ्यांच्या बनलेल्या असतात असे ध्वनित होऊ देऊ नये. तसे असते तर वेगळ्या फेरीकाळामुळे त्या काही फेऱ्यांतच गुंडाळल्या गेल्या असत्या. तारे आणि वायू भुजांमध्ये शिरतात आणि बाहेरही पडतात.

बाईंच्या तक्त्यावर आणखी एक वाक्य असावे असे मला वाटते. कासच्या पठारावरून उन्हाळ्यातील अमावास्येच्या उत्तररात्री जो दुधट पट्टा दिसतो, त्यालाही आपण आकाशगंगाच म्हणतो, आणि तो रात्रभरात सरकतो तो पृथ्वीच्या परिवलनामुळे. येथे विचारलेल्या फिरण्याशी त्या सरकण्याचा काहीही संबंध नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे.

फेरीसाठी ‘प्रदक्षिणा’ हा शब्द शास्त्रीय लेखनात चालेल का, अशी त्यांची पुरवणी शंका आहे. माझ्या मते तो येथे उत्तम शोभतो. प्रदक्षिणेत मध्यस्थान आपल्या उजव्या हाताला राहते, म्हणजे वरून पाहणाऱ्याला ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिसते. आकाशगंगेचा उत्तर ध्रुव अरुंधती केश या तारकासमूहात मानला आहे आणि त्या बाजूने पाहिल्यास सूर्य केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच जातो. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी मात्र उत्तरेकडून पाहता उलट दिशेची असते. तेव्हा रूढीने आपण पृथ्वीच्या फेरीलाही प्रदक्षिणा म्हणत असलो, तरी या शब्दाचा मूळ अर्थ सूर्याच्या फेरीला अधिक काटेकोरपणे लागू पडतो. ही फेरी सुमारे २२ ते २५ कोटी वर्षांची आहे, आणि सूर्याच्या ४६० कोटी वर्षांच्या आयुष्यात अशा विसेक प्रदक्षिणा झाल्या आहेत. तक्त्यावर आकडा लिहिताना ‘सूर्याची गती’ऐवजी ‘सूर्याची चाल’ असे लिहावे, कारण पाठ्यपुस्तकात गती म्हणजे स्थानबदल आणि चाल म्हणजे एकक काळात कापलेले अंतर, हा भेद मुलांना आधीच शिकवलेला असतो.