घरी बांधलेलं वेगवान विमान ढगांतून नेणं म्हणजे वेडेपणा आहे का?

तुम्ही लिहिलंय, अमेरिकेतल्या मेव्हण्याने गॅरेजमध्ये लँकेअर ३६० (किटमधून घरी बांधायचं दोन आसनांचं वेगवान विमान) बांधलंय आणि आता तो ते ढगांतून न्यायचं म्हणतोय. मी नाशिकचाच, ओझरच्या मिगांचा आवाज ऐकत वाढलेला. तिकडे नोकरीला असताना एका मित्राबरोबर हेच विमान बांधलं आणि ढगांतही उडवलं.

कायद्याची आडकाठी नाही. चाचणीचे ठरलेले तास दिवसा, स्वच्छ हवेत पूर्ण करायचे. मग लागणारी उपकरणं बसवलेली असली आणि वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न बघता फक्त उपकरणांवर उडवण्याचा परवाना, असलं की झालं.

खरी अडचण वेळेची. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं उतरलं की आपण गाडी हळू करतो, फारच झालं तर कडेला घेतो. विमान कडेला घेता येत नाही. त्यात ढगात कान फसवतात: विमान हळूहळू एका अंगावर कलतं आणि तुम्हाला वाटतं सरळच चाललोय. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांवर प्रयोग केला. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

मेव्हण्याकडे रेटिंग असेल, पण लँकेअर लोण्यासारखं गुळगुळीत, हवेत सहज घसरणारं. नकाशा बघायला मान खाली घातली की विमानाचं नाक झुकतं, आणि वेग बघता बघता लाल रेषेकडे, म्हणजे कधीच ओलांडायची नाही त्या मर्यादेकडे, धावतो. उतरतानाही तेच. तीन अंशांच्या उतारावर ९० नॉटला (ताशी सुमारे १६७ किमी) मिनिटाला साधारण ४५० फूट खाली यायचं, १८० नॉटला ९००. खाली येणं आणि वेग कमी करणं एकदम जमत नाही, म्हणून सगळं मैलोगणती आधी ठरवावं लागतं. तिथे ऑटोपायलट चैन नसते, दुसरा वैमानिक असतो.

आणि घरचं काम! एकदा ढगात आमची मुख्य स्क्रीन काळी पडली. अर्थिंगच्या वायरचं टोक सैल होतं, आणि ते दाबलं होतं मीच, रात्री अकरा वाजता, जांभया देत. वेगळ्या बॅटरीवरचं छोटं कृत्रिम क्षितिज (विमान सरळ आहे की कललंय ते दाखवणारं उपकरण) होतं म्हणून आज हे लिहितोय.

इथे ब्रह्मगिरीवर श्रावणात ढग बसलेला दिसला की मला तिकडचा हिवाळा आठवतो. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्या वर तापमान शून्याखाली जातं ती उंची, पाच हजार मीटरच्या आसपास असते. तिकडे थंडीत ती जमिनीलाच टेकते. अशा ढगात पंखावर बर्फ धरू शकतं, आणि लँकेअरच्या पंखावरचं ते काढायची आमच्याकडे काहीच सोय नव्हती, त्यामुळे असा ढग दिसला की आम्ही हँगरमध्ये चहा प्यायचो.

मेव्हण्याला एवढंच विचारा: गेल्या सहा महिन्यांत नियमाप्रमाणे सहा इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच (उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरणं) झाले का, आणि त्यातले ऑटोपायलट बंद ठेवून किती? दुसऱ्या प्रश्नावर तो विषय बदलायला लागला, तर बहिणीला त्या विमानात बसू देऊ नका.