शाळेतून तक्रार गेली, आता मुलं काढून नेतील का?

अमेरिकेत मुलाला घरी मारल्याची तक्रार शाळेतून गेली की आपल्या घरांत दोन भीती एकदमच शिरतात. मुलं काढून नेतील आणि व्हिसा जाईल. या आईंनीही फोनवर पहिलं तेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, त्या एच-४ म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. सात वर्षांच्या मुलाच्या दंडावर वळ दिसले, टीचरने विचारलं, तो म्हणाला, "बाबांनी मारलं." तिथे शिक्षक-डॉक्टरांना नुसता वाजवी संशय आला तरी कळवावं लागतं, कायद्याची तशी सक्तीच आहे. त्यामुळे टीचरवरचा राग आधी बाजूला ठेवायला सांगितलं.

माझ्याकडे फोन येण्याआधीच सीपीएसची, म्हणजे बालसंरक्षण खात्याची केसवर्कर घरी येऊन गेली होती. आईंचं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून अकरा वर्षांची मुलगी मधे बसली. "याआधी कधी मारलंय?" या प्रश्नावर मुलगी क्षणभर आईकडे बघत राहिली आणि आईला न विचारताच "नो" म्हणाली. पुढच्या प्रश्नांना आई नुसती मान हलवत राहिल्या. नोंद झाली : आई माहिती लपवतात, सहकार्य करत नाहीत.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. अकरा वर्षांच्या मुलीवर घर वाचवायची जबाबदारी पडली होती. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या खात्यांनी इंग्रजी न येणाऱ्यांना भाषेची मदत द्यायची असते. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा त्याला आधार आहे. दुभाषी मागितला म्हणून कोणी वाईट मत करून घेत नाही. उलट पुढच्या भेटीत फोनवर मराठी दुभाषी आला तेव्हा आई पहिल्यांदा सविस्तर बोलल्या. आधीही दोनदा मार बसला होता, हेही त्यांनीच सांगितलं. सेफ्टी प्लॅनवर, म्हणजे मूल घरात सुरक्षित राहावं म्हणून खात्याने आखलेल्या अटींवर, सही करण्याआधी तो मराठीतून वाचून घेतला.

आता व्हिसा. सीपीएस राज्याचं किंवा काउंटीचं खातं, इमिग्रेशन केंद्राचं. नुसत्या चौकशीने व्हिसा रद्द होत नाही, आणि बहुसंख्य चौकशांमध्ये मुलं घरीच राहतात. खरा धोका फौजदारी खटल्यात असतो. मुलाचा छळ किंवा हेळसांड केल्याचा गुन्हा शाबीत झाला, तर १९९६च्या कायद्यानुसार नागरिक नसलेल्या माणसाला देशाबाहेर काढता येतं, ग्रीन कार्ड असलं तरी. इथे पोलिसांतही नोंद झाली होती आणि वडील म्हणत होते, "कबूल करून टाकतो, लवकर मिटेल." मी त्यांना आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवलं. गुन्हा कबूल करण्याआधी हद्दपारीचा धोका समजावून सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये पादिया खटल्यात स्पष्ट केलंय.

या धावपळीत मुलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो जेवताना बोलेनासा झाला होता. आपण टीचरला सांगितलं म्हणून बाबांना परत पाठवणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. मी वडिलांना सांगितलं, हे तुम्हीच बोलायला हवं, आईने नाही. त्यांना जड गेलं. पण ते मुलासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "तू खरं सांगितलंस, बरोबर केलंस. मारलं मी, चूक माझी." पालकांच्या वर्गाला ते नेमाने गेले, आणि मला वाटतं तेही या वाक्यामुळेच. काही महिन्यांनी सीपीएसने केस बंद केली. पोलिसांतलं प्रकरण वकिलांनी वेगळं हाताळलं.

मूल फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे खात्यामार्फत दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला, गेलंच, तर मात्र दिवस मोजले जातात. १९९७च्या कायद्याप्रमाणे मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल बाहेर राहिलं, तर काही अपवाद वगळता पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज खात्याला कोर्टात करावा लागतो. म्हणून केस प्लॅनमधला, म्हणजे मूल परत मिळण्यासाठी पालकांनी करायच्या गोष्टींच्या यादीतला, वर्ग, भेट, तारीख यांतलं काही चुकवू नका, आणि हजर राहिल्याचा कागद जपून ठेवा. मूल घराबाहेर नेल्यावर ३० दिवसांत नातेवाइकांना शोधून कळवणं, हे २००८पासून खात्याचं काम आहे; पण पुण्यातली आजी किंवा दुसऱ्या राज्यातला मामा त्यांना कुठून माहीत असणार? नावं, पत्ते, फोन नंबर पहिल्याच भेटीत लिहून द्या, आणि भारतीय दूतावासाला कळवा असंही सांगा.